दाट झाडीच्या टँकमधला मासा पकडायचा तर आधी जाळी बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा : १२० × ४५ × ४५ सें.मी.चा चार फुटी प्लँटेड टँक, म्हणजे खऱ्या पाणवनस्पती लावलेली माशांची काचपेटी. मागे रोटाला आणि व्हॅलिस्नेरियाचं रान, मधे अनुबियासचं झाड बांधलेलं मोठं ड्रिफ्टवुड (पाण्यात ठेवायचं लाकूड), पुढे क्रिप्टची झाडं. शेवाळ खाईल म्हणून बोटाएवढा आणलेला चायनीज अल्गी ईटर आता १२ सें.मी.चा झालाय आणि दिवसभर एंजल माशांच्या अंगाला चिकटू पाहतो. दोन संध्याकाळी जाळी घेऊन प्रयत्न झाला. मासा हाती लागला नाही, अर्धा रोटाला उपटला गेला, पाणी गढूळ झालं, आणि आता जाळीचा दांडा दिसला तरी तो लाकडाखाली गडप होतो. सगळा टँक न मोडता त्याला बाहेर कसं काढायचं?

उत्तर :

पहिलं काम, जाळी कपाटात ठेवा आणि चार-पाच दिवस टँकमध्ये हात घालू नका. तुमचा मासा आता जाळी ओळखतो. माशांची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते असं कुणीतरी पसरवून ठेवलंय, त्यावर विश्वास ठेवणाऱ्याने एकदा पाठलाग झालेला अल्गी ईटर पकडून दाखवावा. खाणं कुठून येतं, कोणत्या वेळी येतं आणि कोणती वस्तू आली की पळायचं, हे तो पक्कं लक्षात ठेवतो. शिवाय दमून घाबरलेला मासा खात नाही, आणि तुमचा सगळा डाव त्याच्या खाण्यावर उभा राहणार आहे. म्हणून आधी त्याला विसरू द्या.

जाळी का फसते तेही समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. माशाच्या दोन्ही कुशींवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत पार्श्वरेषा जाते. पाण्याची बारीकशी हालचालही तिला कळते. तुम्ही जाळी जोरात फिरवता तेव्हा जाळीच्या पुढे पाण्याची एक लाट ढकलली जाते, आणि जाळी पोचण्याआधी ती लाट माशापर्यंत पोचलेली असते. मग त्याच्या मेंदूतली मज्जापेशींची एक जोडी फक्त त्या क्षणासाठीच ठेवल्यासारखी काम करते. सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात अंग इंग्रजी सी अक्षरासारखं वाकतं आणि मासा सटकतो. आपला हात त्या वेगाच्या जवळपासही जात नाही. जाळीची वीण जितकी बारीक तितकं ती जास्त पाणी ढकलते, त्यामुळे पिल्लांसाठीची मऊ पांढरी जाळी मोठ्या माशामागे फिरवणं म्हणजे त्याला आधी वर्दी देणं. त्यात झाडीचा फायदा सगळा त्याला. जाळी देठांत अडकते, तो देठांमधून निघून जातो.

थोडक्यात, वेगाने हा मासा मिळणार नाही. त्याने स्वतःहून यावं अशी जागा तयार करायची आणि आपण हलायचं नाही.

आता या माशाबद्दल. नावात चायनीज असलं तरी तो मूळचा आग्नेय आशियातल्या नद्यांचा, मेकाँगच्या खोऱ्यातला. निसर्गात २५ सें.मी.च्या पुढे जातो. लहानपणी शेवाळ मन लावून खातो, मोठा होतो तसं त्याला आपण माशांना टाकतो ते खाणं जास्त आवडू लागतं आणि जागेवरून भांडायची सवय लागते. वाहत्या पाण्यात दगडाला तोंडाने धरून राहणारा हा मासा आहे. कल्ल्यांच्या वरच्या बाजूला पाणी आत घ्यायला त्याला वेगळं छिद्र असतं, त्यामुळे तोंड चिकटलेलं असतानाही श्वास चालू राहतो. एंजल किंवा डिस्कस यांची सपाट कुशी त्याला पानासारखीच वाटत असावी. तिथली चिकट त्वचा तो खरवडतो, आणि तिथे जखम होऊन बुरशी लागते. म्हणजे तुम्ही त्याला काढायचं ठरवलंत ते योग्यच आहे, उगाच मन खाऊ देऊ नका.

या चार-पाच दिवसांत एकच काम करा : बघा. दिवे लागल्यावर तो पहिल्यांदा कुठे दिसतो, खाणं टाकल्यावर कोणत्या वाटेने येतो, दिवे गेल्यावर कुठे टेकतो. हे कागदावर लिहून ठेवा. बहुतेक अल्गी ईटर ठरलेल्या दोन-तीन वाटा आणि झोपायची एकच जागा धरून असतात. मी एकदा एका माशासाठी तीन आठवडे सापळा उजव्या कोपऱ्यात लावत राहिलो. तो रोज डाव्या काचेला घासून खाली उतरायचा. बघितलंच नव्हतं, काय करणार!

मग खाण्याची जागा ठरवा. समोरचा एक मोकळा कोपरा निवडा आणि रोज एकाच वेळी माशांच्या खाण्याची तळाला जाणारी वेफर (चपटी वडी) किंवा गोळी तिथेच टाका. बाकी टँकला नेहमीपेक्षा थोडं कमी द्या. उकळत्या पाण्यातून काढून मऊ केलेली काकडीची चकतीही चालते, पण १२ सें.मी.चा अल्गी ईटर वेफरवर जास्त लवकर येतो. दोन-तीन दिवसांनी त्या कोपऱ्यात सापळा ठेवा, पण लावू नका. नुसता पडून राहू दे, त्यावर शेवाळाचा पातळ थर चढू दे. नव्या वस्तूला मासा बिचकतो, जुन्या वस्तूवर तो चढून बसतो.

सापळा घरी करता येतो. दोन लिटरची पारदर्शक बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा, म्हणजे नरसाळं होतं. इथे बहुतेक जण एक चूक करतात. बाटलीचं तोंड जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद असतं, त्यातून टेट्रा जाईल, तुमचा मासा जाणार नाही. बूच बसतं तो भाग कापून टाका आणि तोंड चार सेंटिमीटरच्या आसपास मोठं करा. कापलेली कड धारदार असते. ती बारीक पॉलिश पेपरने घासा, किंवा एअर पंपाची सिलिकॉन नळी उभी चिरून कडेवर बसवा, नाहीतर बाहेर यायच्या धडपडीत माशाचे खवले सोलवटतात. तापवलेल्या सुईने सगळीकडे छिद्रं पाडा, त्यातून पाणी खेळतं आणि खाण्याचा वासही बाहेर जातो. तळाला दोन धुतलेले दगड ठेवा. तोंड झाडीकडे वळवून बाटली काचेलगत आडवी ठेवा, कारण मासे काचेच्या कडेकडेनेच येतात.

लावायच्या दिवशी आधी दुसऱ्या टोकाला एंजल आणि बाकी मंडळींना पोटभर खायला द्या. नाहीतर सापळ्यात सगळ्यात आधी तुमचे सगळ्यात आगाऊ टेट्रा जाऊन बसतील, आणि त्यांची गर्दी पाहून अल्गी ईटर फिरकणार नाही. वेफर सापळ्याच्या शेवटच्या टोकाला ठेवा. आणि कृपा करून बाटली रात्रभर लावून झोपायला जाऊ नका. सुरुवातीच्या काळात मी ते केलंय. सकाळी आत दोन मासे होते, एक मेलेला. आतली छिद्रं वेफरच्या लगद्याने बुजली होती आणि प्राणवायू संपला होता. तेव्हापासून सापळा लावला की मी समोर बसतो, उठायचं असेल तर सापळा काढतो.

बाटलीला तो दाद देत नसेल तर दाराची पेटी करा. हा प्रकार मला सगळ्यात जास्त आवडतो. पारदर्शक अॅक्रिलिकची साधारण ३० सें.मी. लांब पेटी, एका बाजूला वरून खाली सरकणारं दार, दाराला मासेमारीचा पातळ नायलॉन दोरा, आणि दोऱ्याचं टोक दोन मीटर लांब खुर्चीवर बसलेल्या तुमच्या हातात. दार उघडं ठेवून दोन-तीन दिवस आत खाऊ घाला. मासा पहिल्यांदा आत गेला की दोरा सोडायचा मोह होतो. सोडू नका. पहिल्या वेळी तो अर्ध्या अंगाने बाहेर असतो, सावध असतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला शेपटीसकट आत जाऊन निवांत खाऊ लागेल, तेव्हा सोडा. दार एकदा फसलं तर पुढचा आठवडाभर तो त्या पेटीच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. या पेटीचा आणखी एक फायदा म्हणजे दुसरा कुणी आत गेला तर काहीच करावं लागत नाही, तो खाऊन निघून जातो.

हे सगळं करून आठवडा गेला आणि मासा बाहेरच असेल, तर रात्रीचा डाव. अल्गी ईटर दिवसा वावरणारा आहे. दिवे गेल्यावर साधारण दोन तासांनी तो त्याच्या ठरलेल्या पानावर, लाकडावर किंवा काचेवर स्थिरावलेला असतो. त्या वेळी त्याची प्रतिक्रिया मंद असते. माशाला पापण्या नसतात आणि बहुतेक माशांची बाहुलीही आपल्यासारखी लहान-मोठी होत नाही. उजेड बदलला की डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी आणि रंगद्रव्य जागेवरून सरकतात, आणि त्याला बरीच मिनिटं लागतात. तोवर तो गोंधळलेला असतो. पण याचा अर्थ झपकन टँकचा दिवा लावावा असा नाही. तसं केलंत तर सगळेच मासे एकदम उधळतात, काचेवर आपटतात, एखादा टँकबाहेरही उडी मारतो.

करायचं असं : जाळी संध्याकाळीच पाण्यात, कोपऱ्यात टेकवून ठेवा. हीटरची पिन काढा. खोलीतला दिवा घालवा. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद बांधा आणि झोत माशावर न टाकता बाजूच्या काचेवर टाका, तेवढ्या उजेडात आकार दिसतो. मग जाळी मागून आणायची नाही. मासा पुढे पळतो, म्हणून जाळीचं तोंड त्याच्या डोक्यासमोर अगदी सावकाश आणून थांबवा आणि दुसऱ्या हातातल्या बारीक काडीने शेपटीला हलकेच स्पर्श करा. तो स्वतःच जाळीत जातो. काचेला चिकटलेला असेल तर जाळीची चौकट त्याच्याभोवती काचेवर दाबून धरा आणि प्लॅस्टिकचं जुनं कार्ड काचेलगत खालून सरकवा. एका रात्री एकच प्रयत्न. चुकलात तर झोपायला जा, तोही जाऊ दे.

दिवसाउजेडी जाळीनेच पकडायचं असेल तर दोन जाळ्या लागतात. जुन्या शिकारीत हाकारे रान उठवायचे आणि शिकारी एका जागी दबा धरून बसायचा, तशी कामाची वाटणी करायची. मोठी, २५-३० सें.मी. रुंद, गडद हिरवी किंवा काळी जाळी झाडीला टेकवून स्थिर धरा. ती अजिबात हलवायची नाही. छोटी पांढरी जाळी किंवा नुसता हात दुसऱ्या बाजूने हळूहळू पुढे सरकवा. मासा छोट्या जाळीकडे बघत मागे सरकत जातो, आणि मागे मोठी जाळी असते. आत शिरला की ती वर ओढायची घाई नको. आधी तोंड समोरच्या काचेला टेकवून बंद करा, मग काचेला घासतच वर आणा. टँकचा अर्धा भाग बंद करायला प्लॅस्टिकची जाळीदार शीट मापात कापून उभी खुपसली तर काम निम्म्याने सोपं होतं. कळपाने फिरणाऱ्या माशांना ही पद्धत फार छान चालते. एकट्या, हुशार अल्गी ईटरवर ती निम्म्या वेळा फसते हेही सांगून ठेवतो. घड्याळ लावा. १० मिनिटांत जमलं नाही तर थांबा, त्यापुढचं प्रत्येक मिनिट तुमच्या विरुद्ध जातं.

आणि शेवटी पाणी उतरवणं. लोक याला टँक मोडणं समजतात, पण नीट केलं तर झाडांना फारसा धक्का लागत नाही. फक्त क्रम चुकता कामा नये. आधी ड्रिफ्टवुड काढा, पाणी पूर्ण असतानाच. अनुबियास लाकडालाच बांधलेलं आहे, त्यामुळे ते अख्खं बाहेर येतं, मुळांना काही होत नाही. लाकूड उचलताना खाली बादली धरा. घाबरलेला मासा अनेकदा लाकडाच्या पोकळीत घट्ट बसून राहतो आणि लाकडाबरोबरच बाहेर येतो. माझ्या हिशेबाने निम्मी प्रकरणं इथेच संपतात. लाकूड गेलं म्हणजे त्याचा किल्लाही गेला.

तो लाकडात नसेल तर हीटरची पिन काढून १५-२० मिनिटं थांबा, मग फिल्टर बंद करा, मग सायफन (पाणी ओढून काढायची नळी) लावा. तापलेला काचेचा हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की तडकतो. माझा एक असाच गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे तडकलेल्या हीटरच्या पाण्यात मी हात घालणार होतो. तुमच्या मापाच्या टँकमध्ये दर सेंटिमीटरला ५.४ लिटर पाणी आहे. म्हणजे ४२ सें.मी.वरून १२ सें.मी.वर यायचं तर १६२ लिटर काढावं लागेल, १५ लिटरच्या जवळजवळ ११ बादल्या. तेवढी भांडी आधी गोळा करा, कारण हे पाणी फेकायचं नाही, यातलं निदान दोन तृतीयांश परत ओतायचं आहे. एंजल उंच मासे आहेत, १२ सें.मी. पाण्यात ते आडवे पडतात. त्यांना निम्मं पाणी असतानाच उचलून झाकणाच्या टबात ठेवा.

पाणी उतरलं की रोटाला आणि व्हॅलिस्नेरिया आडवे पडून चटई होते, आणि मासा तिच्याखाली जातो. घाबरू नका. पडलेले देठ हाताने मागच्या काचेकडे गोळा करा, ओल्या फडक्याने झाका. रोटालाची छाटणी करायचीच असेल तर ती याच दिवशी करा, झाडी आपोआप निम्मी होते. क्रिप्टना मात्र हात लावू नका, उपटलेलं क्रिप्ट महिनाभर पानं गाळत रुसून बसतं. मातीही उकरू नका. दोन वर्षं जुन्या थरातला गाळ वर आला की अमोनिया चढतो. माती मागून पुढे उतरती असेल तर मासा आपणहून पुढच्या सखल डबक्यात येतो, तिथे जाळी आणि हात मिळून काम दोन मिनिटांचं. परत पाणी भरताना ताटलीवर धार सोडा, नव्या पाण्यातलं क्लोरीन घालवलेलं आणि तापमान जुळवलेलं असू द्या, आणि टँक भरल्यावर अर्ध्या तासाने हीटर लावा.

याच प्रश्नात दुसरे मासे असते तर उत्तर थोडं बदललं असतं, तेही सांगतो. खूली लोच या सापासारख्या बारीक माशाला रात्री हात लावू नका, तो तेव्हाच जागा असतो. बोटाएवढ्या जाडीची नळी किंवा मॉसचा घट्ट गोळा तळाला आठवडाभर ठेवा आणि दुपारी दोन्ही टोकं बोटांनी बंद करून उचला, तीन-चार एकदम मिळतात. मिळाले नाहीत तर फिल्टर उघडून बघा. कोरी आणि क्लाउन लोच या तळाशी वावरणाऱ्या माशांना जाळी लावूच नये. एकाच्या परांना आणि दुसऱ्याच्या डोळ्यांखाली काटे असतात, ते विणीत गुंततात. काचेचा बाऊल किंवा मोठा पारदर्शक डबा वापरा. तरी जाळीत गुंतलाच तर जाळी कापा, मासा ओढू नका. सकर मासा (प्लेको) लाकडाला घट्ट धरून बसला तर लाकडासकट काढा. पिल्लांसाठी १२ मि.मी.ची सायफन नळी आणि खाली बादली, बस्स.

कुणी गळ सुचवेल, बिनकाट्याच्या बारीक आकड्याने धरता येतं म्हणून. येतं खरं, पण हा चोखून, खरवडून खाणारा मासा आहे, त्याच्या तोंडाची वाट लागते. कुणी लवंग तेल टँकमध्येच टाकायला सांगेल. अजिबात नको. किती टाकलं तर गुंगी आणि किती टाकलं तर मरण, यातलं अंतर थोडं असतं, आणि तुमचा नेम एका माशावर असला तरी ते तेल सगळ्यांच्या कल्ल्यांत जाईल.

मासा हाती आल्यावर टँकचंच पाणी भरलेल्या झाकणाच्या बादलीत ठेवा, अंधार करा, एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडा, त्या दिवशी खायला देऊ नका. तो कुठे जाणार हे पकडायच्या आधीच ठरलेलं असू दे. मोठ्या, वाहत्या पाण्याच्या टँकमध्ये, चपळ आणि दणकट बार्ब माशांबरोबर तो नीट राहतो. तळ्यात, ओढ्यात सोडायचा नाही, कितीही जवळ असला तरी. इकडे एंजलच्या कुशीवर पांढुरके, खडबडीत चट्टे दिसतायत का ते उजेडात बघा. चट्टे असतील तर आठवडाभर दर दोन दिवसांनी थोडं थोडं पाणी बदलत राहा. धावपळीनंतर आठ-दहा दिवसांत अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपकेही उठू शकतात, तेव्हा तेवढे दिवस टँकमध्ये नवा मासा आणू नका.